वॉर्सात विशाळगड नव्हता

पत्र थोडक्यात: तालुक्याच्या गावातल्या एका मराठी शाळेत इतिहास शिकवणाऱ्या तरुण सरांचं हे पत्र आहे. नववीच्या वर्गात नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचा विषय निघाला तेव्हा एका मुलीनं विचारलं, "सर, एवढे लाखो लोक होते, मग लढले का नाहीत? भित्रे होते का?" सरांना त्या क्षणी उत्तर सुचलं नाही. मग त्यांनी स्वतः वाचून पोलंडमधल्या वॉर्सा शहराच्या घेटोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, १९४३ मध्ये झालेल्या सशस्त्र उठावावर दोन तास घेतले. "ही त्यांची पावनखिंडच," असं सांगितलं आणि वर्ग पेटला. आता मुलांना गॅदरिंगमध्ये त्यावरच एकांकिका करायची आहे. पण तालमीत पोरं भांडताहेत ती एसएसचा, म्हणजे हिटलरच्या खास दलाचा, गणवेश कुणाला मिळणार यावरून. मुख्याध्यापिका म्हणतात, मुलांच्या हातात बंदुका नकोत, त्यापेक्षा लपून राहून रोजनिशी लिहिणाऱ्या अ‍ॅन फ्रँकवर काहीतरी बसवा. सर लिहितात, "ताई, मला रडणारे ज्यू नाही, लढणारे ज्यू दाखवायचेत. माझं काय चुकतंय?"

सर, नमस्कार.

पुस्तकात चार ओळींत उरकलेला विषय तुम्ही स्वतःहून वाचून शिकवलात आणि नववीचा वर्ग तुमच्या मागे आला. यात चुकण्यासारखं काही नाही, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. पण 'रडणारे नाही, लढणारे' या वाक्यापाशी मी दोन दिवस अडून बसले होते.

मुलीनं विचारलं, भित्रे होते का. तुम्ही म्हणालात, नाही, हे बघ शूर. म्हणजे तिचा प्रश्न जसा आला तसाच तुम्ही पदरात घेतलात. आता जरा आकडे मांडू. १९ एप्रिल १९४३ ला उठाव सुरू झाला तेव्हा वॉर्साच्या घेटोत पन्नास-साठ हजार माणसं उरली होती. त्यांत 'ज्यू लढाऊ संघटने'चे साधारण ५०० आणि 'ज्यू लष्करी संघा'चे साधारण २५० जण हत्यार घेऊन उभे होते. हे साडेसातशे शूर असतील, तर बाकीचे कोण? तुमच्या एकांकिकेत ते कुठे उभे राहणार? विंगेत?

त्या दिवशी जर्मन फौज आत शिरली तेव्हा रस्ते ओस पडले होते. आधीच्या काही महिन्यांत लोकांनी तळघरांच्या खाली, खोट्या भिंतींच्या मागे लपायच्या जागा तयार केल्या होत्या. 'बाहेर या' हा हुकूम ऐकून कुणी खाली उतरलं नाही. पिस्तुलं आणि पेटत्या बाटल्या घेऊन लढणारी पोरं काही दिवसांतच रस्त्यांवरून हटली. तरी जर्मनांना सगळं संपवायला मे महिन्याचा मध्य उजाडला, कारण ही तळघरं. इमारतींमागून इमारती पेटवत, तळघरांत धूर आणि गॅस सोडत एकेका कुटुंबाला बाहेर काढावं लागलं. तुमच्या वाटणीत हे सगळे 'रडणारे' ठरतात, सर.

त्या मुलीला खरं उत्तर द्यायचं तर नऊ महिने मागे जा. २२ जुलै १९४२ ला घेटोतून माणसं 'पूर्वेकडे वसवण्यासाठी' न्यायला सुरुवात झाली, आणि सप्टेंबर संपायच्या आत अडीच लाखांहून अधिक लोक ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेऊन मारले गेले. त्याआधी घेटोत ज्यूंना मिळणारं अधिकृत रेशन दिवसाला २०० कॅलरींच्याही आत होतं. लोक तगले ते चोरून आणलेल्या अन्नावर, आणि ते आणणारी बरीचशी लहान मुलं होती, भिंतीच्या भोकांतून ये-जा करणारी. अशा भुकेल्या वस्तीत जाहीर झालं : जो आपणहून गाडीपाशी येईल त्याला ३ किलो पाव आणि १ किलो जॅम. लोक गेले. ज्याला ठार मारायचंय त्याला वाटेसाठी पाव कोण देईल, असा हिशोब पोटात काही नसलेल्या माणसानं केला. हिशोब चुकला. पण तो भित्र्याचा हिशोब होता का, हे वर्गालाच विचारा, आणि तुम्ही गप्प राहा. नववीतली पोरं भूक हा विषय आपल्याला वाटतो त्याहून जास्त जाणतात.

यावर एखादा मुलगा म्हणेलच, "पण जवान तरी लढले असते की." त्याला युद्धकैद्यांचं सांगा. जर्मनांच्या कैदेत सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिक पडले, त्यांतले सुमारे ३३ लाख मेले. बहुतेक भुकेनं, थंडीनं आणि रोगानं, कित्येक गोळी घालून. ही शस्त्रं चालवायला शिकलेली धडधाकट तरुण माणसं होती, बरोबर म्हातारे आईबाप नाहीत, कडेवर पोर नाही. त्यांच्या छावण्यांतही मोठे उठाव क्वचितच झाले, आणि ज्यूंना म्हणतात तसं त्यांना 'मेंढरं' म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही.

मेंढरांचा शब्द निघालाच आहे तर तो कुठून आला तेही सांगते. बाहेरून कुणीतरी ज्यूंना मारलेला टोमणा असं पुष्कळांना वाटतं. तो धर्मग्रंथातला जुना शब्द. १९४१ च्या शेवटच्या रात्री विल्ना (आजचं लिथुआनियातलं व्हिल्नियस) शहराच्या घेटोत तरुणांच्या एका गुप्त बैठकीत जे पत्रक वाचलं गेलं त्यात तो आला : कत्तलीला निघालेल्या मेंढरांसारखे आपण जायचं नाही. पत्रक अब्बा कोव्हनरचं, वय २३. शहराबाहेर पोनारीच्या जंगलात लोकांना गोळ्या घालून खड्ड्यांत टाकताहेत, हे कळल्यावर त्यानं आपल्याच माणसांना मारलेली ती हाक होती. ऐंशी वर्षांनी पोटभर जेवून बसलेल्या आपण तोच शब्द निकाल म्हणून वापरतो.

याच कोव्हनरची पुढची गोष्ट तुमच्या पोरांना सांगा, आणि ती सांगताना घाई करू नका. सप्टेंबर १९४३ मध्ये विल्नाचा घेटो रिकामा करायला घेतला, तेव्हा लढणाऱ्यांचा गट गटारांतून निसटून जंगलात जायला निघाला. कोव्हनरची आई त्याच्याकडे आली आणि मी आता काय करू, असं तिनं विचारलं. त्याच्यापाशी उत्तर नव्हतं. तिला बरोबर नेता आलं नाही आणि ती मारली गेली. आपण लढवय्या की आईला सोडून गेलेला मुलगा, हा प्रश्न त्यानं पुढे स्वतःच जाहीरपणे बोलून दाखवला.

आता पावनखिंड. तुम्ही ती का म्हणालात ते कळतं, मराठी वर्गात पोरांच्या डोळ्यांत पाणी आणायला तिच्याइतकं हुकमी काही नाही. पण बाजीप्रभूंना माहीत होतं आपण कशासाठी थांबलोय. राजे विशाळगडाकडे निघालेत, पोचले की तोफा होतील, तोवर धरून ठेवायचं. वॉर्सात विशाळगड नव्हता. कुणी कुठे सुखरूप पोचणार नव्हतं, कुठल्या तोफेचा आवाज यायचा नव्हता. भिंतीपलीकडच्या पोलिश भूमिगत सेनेनं मोजकी पिस्तुलं दिली होती, त्यांतलीही बरीचशी जानेवारीत घेटोनं पहिला प्रतिकार करून दाखवल्यावर. 'ज्यू लढाऊ संघटने'चा म्होरक्या मोर्देखाय आनिएलेविच जेमतेम चोविशीचा. उठावाच्या पाचव्या दिवशी त्यानं बाहेरच्या साथीदाराला लिहिलेल्या पत्रात आपण जिंकू अशी भाषा नाही. ज्यू हातात शस्त्र घेऊन उभे राहिलेले पाहिले, आयुष्याचं स्वप्न पुरं झालं, असं आहे. ८ मे ला मिला रस्त्यावरच्या १८ नंबरच्या तळघरात तो गेला.

तुलना करायचीच असेल तर जिथे ती मोडते तिथपर्यंत न्या. जिंकायचं नाही, कुणाला वाचवणंही जवळजवळ शक्य नाही, तर लढायचं कशासाठी? चौदा वर्षांच्या मुलांना हा प्रश्न झेपतो. आपणच त्यांना शेवटी तोफा वाजवून द्यायची सवय लावलीय.

आणि एक गोष्ट आपल्या शौर्यकथांच्या साच्यात मुळीच बसत नाही. लढाईला जे उभे राहिले त्यांतल्या बहुतेकांचं घर आधीच रिकामं झालेलं होतं. ज्यांची आई, धाकटी भावंडं, तान्हं पोर अजून जिवंत होतं, त्यांच्या पायात ते होतं. एकानं गोळी झाडली तर सबंध वस्तीला शिक्षा, हा जर्मनांचा रिवाज. विल्नाचंच उदाहरण. जुलै १९४३ मध्ये गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, तिथल्या संघटनेचा प्रमुख इत्झिक विटेनबर्ग याला मागितलं. तो दिला नाही तर घेटो संपवू, अशी धमकी. घेटोतले सामान्य लोकच रस्त्यावर उतरले : एकासाठी वीस हजारांनी का मरायचं? त्यानं आपलं पिस्तूल कोव्हनरकडे दिलं आणि स्वतःहून चालत गेला. गेस्टापोच्या कोठडीतच तो मेला. दोन महिन्यांनी घेटो संपवलाच.

माझं मत विचाराल तर एकांकिकेसाठी वॉर्सापेक्षा हा एक दिवस घ्या. एक खोली, पाचसहा जण, बाहेर लोकांचा गलका. एकही बंदूक चालत नाही आणि प्रेक्षागृहात कुणी खोकणार नाही. पण मुलांचं मन वॉर्सावरच बसलं असेल, तर १० मे चा प्रसंग आहे. सिमखा रोतेम नावाचा १९ वर्षांचा मुलगा उरलेल्या साथीदारांना गटारातून बाहेर काढतोय, दिवसाढवळ्या, भर रस्त्यात झाकण उघडून, शेजारी ट्रक उभा. जास्त वेळ थांबलं तर सगळेच पकडले जाणार. ट्रक निघाला तेव्हा काही जण अजून आतच होते. त्यानं बरोबर केलं का? यावर वर्ग दोन तास भांडेल आणि एसएसचा गणवेश विसरेल.

मुख्याध्यापिकांचं म्हणणं मला अर्धं पटतं. अ‍ॅन फ्रँकला 'सुरक्षित विषय' समजणं मला पटत नाही, पण बंदुकांचं पटतं. आपल्या गॅदरिंगमध्ये लाकडी बंदुकीतल्या गोळ्या कधी संपत नाहीत. तिथे एकेका पिस्तुलासाठी आठवडे जात. बाहेरून हत्यारं आणणं हे फार करून मुलींचं काम होतं, कारण पुरुषाचा सदरा-पाटलोण उतरवली की सुंतेवरून ओळख पटे. अस्खलित पोलिश बोलणाऱ्या, केस विंचरून नीटनेटक्या दिसणाऱ्या या विशीतल्या मुली आगगाडीतून शहराशहरांत फिरत, बटाट्यांच्या खाली काडतुसं. आउशवित्झच्या छावणीतलं तर याहून बारीक. तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात राबणाऱ्या ज्यू मुलींनी चिमूटचिमूट दारू कपड्यांत लपवून महिनोन्‌महिने बाहेर काढली. ७ ऑक्टोबर १९४४ ला प्रेतं जाळायच्या कामावरच्या कैद्यांनी उठाव करून एक दाहगृह निकामी केलं, तेव्हा त्यांच्यापाशी ती दारू होती. रोझा रोबोटा आणि तिच्या तीन साथीदारणींना पुढच्या जानेवारीत फाशी दिलं. छावणी मोकळी व्हायला तेव्हा तीन आठवडे उरले होते.

म्हणून रंगमंचावर हवं तर एकच पिस्तूल ठेवा. टेबलावर, फडक्यात गुंडाळलेलं. शेवटपर्यंत कुणी उचलू नये. मुख्याध्यापिकाही नाही म्हणणार नाहीत, आणि म्हणाल्या तर माझं पत्र दाखवा.

यापुढचं मात्र कळकळीनं सांगते. मुलांना 'तो अनुभव द्यायला' म्हणून रांगेत उभं करणं, ज्यूंना सक्तीनं लावावी लागे तशी दंडावर चांदणी बांधणं, रेल्वेच्या डब्यात कोंबल्यासारखं कोपऱ्यात बसवणं, असलं काही करू नका. जगभर हा विषय शिकवणारी संग्रहालयंही याच्या विरोधात आहेत. एक तर ते खोटं असतं, आणि मुलं एक तर खेळ समजतात किंवा घाबरतात. मी स्वतः पंचवीस वर्षांपूर्वी एका शाळेत प्रेतांचे ढीग असलेले फोटो वर्गात फिरवले होते. मागच्या बाकावर तिघं हसली. मी त्यांना वर्गाबाहेर काढलं. संध्याकाळी त्यांतला एक स्टाफरूमच्या दारात उभा राहून म्हणाला, "बाई, कुठं बघायचं तेच कळेना." माझी चूक मला तेव्हा कळली. त्यानंतर ते फोटो मी पुन्हा वापरले नाहीत.

नाटकाऐवजी अभिवाचन का नाही करत? आपल्याकडे तो प्रकार गावोगाव रुजलाय, खर्च शून्य. आणि वाचायला घेटोनंच ठेवून दिलंय. इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लुम आणि त्यांच्या सोबत्यांनी आतलं सगळं गोळा केलं : रोजनिश्या, रेशनकार्डं, शाळकरी मुलांचे निबंध, मिठायांची वेष्टनं, पत्रकं. पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या मोठ्या किटल्यांत भरून ते पुरलं. पहिल्या दहा पेट्या ऑगस्ट १९४२ मध्ये नोव्होलिप्की रस्त्यावरच्या ६८ नंबरच्या इमारतीखाली गेल्या. ती शाळेची इमारत होती, सर. पुरणाऱ्यांत दाविद ग्राबर होता, वय १९. बाहेर माणसं पकडून नेली जात असताना त्यानं आपलं मृत्युपत्र लिहून त्यात ठेवलं, आणि त्यात म्हटलं की जे आम्हाला जगाला ओरडून सांगता आलं नाही ते आम्ही जमिनीत पुरलं. पेट्या १९४६ मध्ये सापडल्या, दोन किटल्या १९५० मध्ये. हासुद्धा लढाच होता, हे मुलांना भाषण करून सांगायची गरज पडणार नाही.

तुमच्या वर्गात आणखी एक प्रश्न येईल, आणि तो आपल्याच मातीतला आहे : सत्याग्रह का केला नाही? टाळू नका. गांधीजींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये 'हरिजन'मध्ये जर्मनीतल्या ज्यूंना अहिंसक प्रतिकाराचाच सल्ला दिला होता. तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी त्यांना उत्तर लिहिलं, आदरानं आणि दुखावून : जिथे साक्षीदारच नाही, जिथे माणूस कुणाच्या नजरेला न पडता नाहीसा होतो, तिथे हौतात्म्याचा कुणावर परिणाम होणार? दोघांची बाजू फळ्यावर मांडा. मला स्वतःला बूबर पटतात. तुम्हाला काय पटतं ते मुलांना शेवटी सांगा, आधी नको. गाझातल्या युद्धावर एखादा पालक बोलेलच. त्यालाही झिडकारू नका, त्यासाठी वेगळा तास ठेवा. या तासात ते मिसळलं की दोन्हींचा चिखल होतो.

रवींद्रनाथांचं नाव पोरांना राष्ट्रगीतामुळे ठाऊक असतं. त्यांचं 'डाकघर' हे नाटक १८ जुलै १९४२ ला वॉर्साच्या घेटोत झालं होतं. डॉक्टर यानुश कोर्चाक यांच्या अनाथाश्रमातल्या मुलांनी केलं, आजारी अमल खिडकीपाशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहतो ते. चार दिवसांनी गाड्या सुरू झाल्या. ऑगस्टच्या सुरुवातीला कोर्चाक त्या सुमारे २०० मुलांसोबत ट्रेब्लिंकाच्या गाडीत चढले. स्वतः निसटायची संधी त्यांनी नाकारली होती. आता तुमच्या 'रडणारे' आणि 'लढणारे' या दोन खोक्यांपैकी यांना कशात टाकायचं?

मारेक एडेलमन उठावाच्या म्होरक्यांपैकी एक. तो वाचला, पुढे वुच शहरात हृदयरोगाचा डॉक्टर झाला, २००९ पर्यंत जगला. त्याच्या हातात खरंच बंदूक होती, तरी गाडीकडे मुकाट चालत गेलेल्यांपेक्षा आपण मोठे, हे त्यानं कधी मान्य केलं नाही. गोळ्या झाडत मरणं सोपं, तसं चालत जाणं फार अवघड, अशा अर्थाचं तो बोलत असे. त्या मुलीच्या प्रश्नाला तुमच्या-माझ्यापेक्षा त्याचं उत्तर जड आहे.

एक छोटी गोष्ट राहिली. तुमच्या पोरांच्या मनात 'ज्यू' म्हणजे एक तर प्रेत नाही तर बंदूकधारी, असं व्हायला नको. युद्धाआधी वॉर्सात दर तीन माणसांमागे जवळजवळ एक ज्यू होता : शिंपी, हमाल, डॉक्टर, यिद्दिश वर्तमानपत्रं, फुटबॉलचे क्लब. आणि आपल्या कोकणात अलिबाग-रेवदंड्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून 'शनवार तेली' म्हटले जाणारे, घरात मराठी बोलणारे बेने इस्रायल, तेही ज्यूच. त्यांच्या वाट्याला इथे असलं काही आलं नाही. पहिला तास या ओळखीचा घ्या, घेटोचा दुसऱ्या तासाला.

राहता राहिला एसएसचा गणवेश. त्यासाठी भांडणाऱ्या पोरांना रागावू नका. आपल्याकडे रस्त्याकडेच्या पुस्तकांच्या ढिगात हिटलरचं आत्मचरित्र यशाचा मंत्र देणाऱ्या पुस्तकांशेजारी विकायला असतं, त्यांनी वेगळं काय उचलावं? गणवेश बादच करा, रंगमंचावर जर्मन नकोच. जो सगळ्यात मोठ्यानं भांडतोय त्याला शाळेच्या गणवेशातच बाजूला उभं करा आणि हातात एक कागद द्या. उठाव चिरडणाऱ्या युर्गेन श्ट्रोप या एसएस अधिकाऱ्यानं वर पाठवायला अहवाल तयार केला होता. 'वॉर्सातली ज्यू वस्ती आता उरली नाही' असं त्याचं शीर्षक, आत रोजचे हिशोब, कोठारातला माल मोजावा तसे. पुढे १९५२ मध्ये वॉर्सातच त्याला फाशी झाली. अहवालात त्यानं पकडलेल्या माणसांची बेरीज दिलीय : ५६,०६५. मुलानं ती आवाज न चढवता वाचायची. तालमीत तो हमखास 'छप्पन्न हजार' म्हणून मोकळा होईल. त्याला थांबवा आणि पुढचे पासष्ट म्हणायला लावा.